गेळ नव्हे, पाणीच ऊन

अंबरनाथ, चैत्र

तीर्थरूप आबांच्या पायांवर महिपतीचं डोकं.

मी बरा आहे. बॉयलरवर काम आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

रविवारी गिरणीमागच्या ओढ्यावर गेलो होतो. मासे तोंडं वर काढून आ वासत होते. हातात धरले तरी निसटायचं बळ नव्हतं. मला वाटलं, कुणी मासे गुंगवायला गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकली. तुम्ही गावात त्याला मनाई केलेली, म्हणून काठावरच्या कान्हा ठाकरावर मी ओरडलोच. तो म्हणाला, “पान्यात हात तं घाल, मंग बोल.”

हात घातला तर पाणी ऊन. अशा पाण्यात माशाला दम पुरत नाही, पोहणार कुठून? आणि आबा, ते पाणी आमच्याच बॉयलरकडून येतं.

हल्ली मीही मधून मधून बॉयलरघराच्या दाराशी जातो आणि तोंड वर करून उभा राहतो. तेवढ्यानं बरं वाटतं. आईला सांगू नका.

धाकट्या आनंदाला इथे चिकटवायचं लिहिलंत. जागा आहे, पण यंदा नको. आपला डोह अजून गार असेल. त्याला पोहू द्या.

तुमचा,
महिपती