कमलाबाईंचा गोणपाटातला घड

परळ, १० एप्रिल १९५६

तीर्थस्वरूप रामदासमामांस,

जयवंतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि वाडीतल्या केळी (मुद्दाम विचारतोय) बऱ्या असाव्यात. माझी शाळा इंग्रजी, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मामा, आमच्या चाळीमागे नळाच्या सांडपाण्यावर शेजारच्या कमलाबाईंनी केळ लावलीय. जानेवारीत तिला फूल आलं आणि त्याच आठवड्यात त्यांचे बाबूराव संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेले. बाई नवस बोलल्या, की बाबूराव सुटले की त्यांच्याच हातून घड उतरवायचा आणि बत्तीसही खोल्यांना एकेक केळं द्यायचं.

मग कर्फ्यू लागला. चार दिवस बाजार बंद, घरोघरी नुसती डाळ. मी बॉटनीचं पुस्तक उघडलं. केळ हे झाडच नाही, मामा! खोड वाटतं ते नुसते पानांचे देठ, एकात एक गुंडाळलेले. आतला गाभा खातात, कच्च्या केळ्यांची भाजी होते, आणि फूल कापलं तर घड उलट जास्त पोसतो! (तुम्हाला हे ठाऊकच असणार. मी मात्र आनंदाने गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या.) रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरत होती, तरी कोयता घेऊन वाकत वाकत मागे गेलो आणि फूल उतरवलं.

आई सोलायला बसली. पाकळी उचलते तर खाली ओळीने करंगळीएवढी केळी! "अरे मेल्या, हेच्यात तर केळी आसत!" सगळ्या फण्या बाहेर आल्यावरच फूल कापा, असं पुस्तकात पुढच्या पानावर होतं. आल्या होत्या दोन. त्या पानापर्यंत मी पोचलोच नव्हतो.

भाजी झकास झाली. कमलाबाईंनी दोनदा वाढून घेतली. "कर्फ्यूत केळफूल मिळवलंन! शिकलेला तो शिकलेला!" मी माझाही वाटा त्यांच्याच पानात वाढला. त्याच संध्याकाळी घडाभोवती गोणपाट गुंडाळलं, आत सुकी पानं कोंबली. बाईंना सांगितलं, थंडीसाठी. आता सांगतो, उन्हासाठी. बाई चाळभर माझं कौतुक करत फिरतात. काल कोपरा उचलून केळी मोजली. एकोणीस.

येत्या बावीसला बाबूराव सुटतायत. मामींना नमस्कार, बाळगोपाळांना आशीर्वाद.

तुमचा,
जयवंत

ता. क. पत्राचं खरं कारण: वाडीतला सहा फण्यांचा एक घड वीस तारखेच्या आत बोटीने पाठवा. भाऊच्या धक्क्यावर मी पहाटेपासून उभा राहीन. गोणपाटात कसा घुसवायचा ते माझं मी बघतो.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कमलाबाई धावत आल्या. बाबूराव उद्याच सुटतायत! घड पाठवू नका. बाई म्हणाल्या, "तीन महिने तू जपलास रे बाळा. उद्या सगळ्या चाळीसमोर गोणपाट तूच सोडायचं." मी हो म्हणालो, मामा. सोडतो, आणि मिळेल त्या बोटीने तुमच्याकडे निघतो.