विझ म्हणजे नेमली

४ सप्टेंबर ७४, सांगली
कॉलेज सोडलं. एम.ए.चं दुसरं वर्ष, अर्ध्यात. वर्गात निबंध वाचत होतो, मध्ये viz. आलं. मी ‘विझ’ वाचलं. सर म्हणाले, "काय विझलं? दिवा?" सगळे हसले. तिसऱ्या बाकावरची सु.सुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. तो शब्द म्हणे ‘नेमली’ असा वाचायचा, namely, म्हणजे ‘अर्थात’. मग नेमलीच लिहा की लेको. लिहायचं एक, वाचायचं एक. आमच्यासारख्यांना गाळायची चाळण. कागद टेबलावर टाकले, बाहेर पडलो. थू.
माझा प्रबंधाचा विषय तर सरांनी आधीच उडवलेला. मेंढरांना घालायच्या हाका. "हाकांत वाङ्मय कुठलं?" माण तालुक्यात आमच्या आबांच्या मेंढरांमागं येऊन ऐका म्हणावं. पाण्यावर न्यायची हाक वेगळी, लांडगा दिसल्यावरची वेगळी.

११ सप्टें., सातारा
काकांच्या सायकल दुकानात पंक्चर काढतो. काका पलटणीतनं रिटायर.
"एका शब्दापायी कॉलेज सोडलंस व्हय रं? आमी सुभेदाराच्या लय शिव्या खाल्ल्या."
"त्या एकाच तऱ्हेनं वाचायच्या असतील."
"लय शाणा."
सु.ची आठवण काढायची नाही असं ठरवलं. काढली.

१९ सप्टें.
सु. दुकानाच्या दारात. निळं पातळ. मावशीकडे आले होते म्हणाली. मावशी कऱ्हाडला असते.
"सरांनी मला विषय दिला." खाली बघत, "हाकांचा."
माझ्या तोंडी वाङ्मय नव्हतं, तिच्या तोंडी आलं. किळस.
"तुमचा आहे म्हणून सांगितलं मी. म्हणाले, तळटीपेत et al. घालू." म्हणजे ‘आणि इतर’. मी इतर. आबा इतर. मेंढरंपण.
"त्या दिवशी मजा आली ना हसायला?"
"मीसुद्धा विझच म्हणत होते आजवर. वाचले, म्हणून हसले."
मग म्हणाली, तुम्ही माणात नेलंत तर करते, नाहीतर विषय परत देते. "दसऱ्यानंतर मेंढरं कोकणात जातील, रविवारीच चला." हे मीच म्हटलं. गाढव.

२२ सप्टें., रविवार
सु.ला घेऊन माणात. काकी सोबत, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. आबा म्हणाले, "पोरी, तूच घाल की हाक." तिनं घातली. एक मेंढरू मान वर करीना.
"बाई, ही हाक न्हाई, हजेरी झाली," आबा म्हणाले.
गडी हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं. सु.नं माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता एस.टी. गाठणार. गेली नाही. पदर खोचला. "आबा, परत एकदा."
संध्याकाळपर्यंत घसा बसला तिचा. एक म्हातारी शेळी तेवढी आली.
परतताना फाटक्या आवाजात, "नाव तुमचं वर घालू. इतरांत मी. पण तुम्ही कॉलेजात परत यायला पाहिजे."
"त्या माणसासमोर?"
नुसती मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

२३ सप्टें.
सांगलीची पहिली गाडी लागली असेल. काका ओरडताहेत, दुकान उघड म्हणून. किल्ली माझ्याच खिशात. ती काकांच्या हातात देतो नि स्टँड गाठतो.