कार्ड सापडत नाही, दाजी

दाजींना मेहुण्याचा रामराम.

साष्टांग नमस्कार लिहीत नाही. तुम्ही होता तेव्हा कधी घातला नाही, आता कुणाला दाखवायला घालू? परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे. आज दुपारी लातूरच्या तुमच्या घरात जे घडलं ते तुमच्या कानावर घालणं भाग आहे, कारण सुरुवात तुम्हीच करून ठेवली होती. माणूस गेला म्हणून त्याला सूट द्यायची पद्धत मला मान्य नाही.

लोक टीव्हीवर टीव्ही बघतात. तुम्ही कॉम्प्युटरच्या पोटात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलंत, गच्चीवरच्या छत्रीची वायर त्याच्या पाठीत खुपसलीत, आणि शेजाऱ्यांना हॉलमध्ये पाय पसरून जे दिसत होतं तेच तुम्हाला टेबलाशी ताठ बसून दिसायला लागलं. वर सांगायचात, "डिजिटल आहे, दत्ता."

कृषी खात्यात जन्म गेला आणि एकदा, एकदाच, सरकारी वाहिनीनं तुम्हाला बोलावलं. मुरुडच्या शिवारात उभं राहून तुम्ही तुरीवरच्या मर रोगावर बोललात. ते या कार्डानं रेकॉर्ड केलंत आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी दाखवलंत. सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांनासुद्धा! मी इतक्यांदा बघितलंय की माझ्याकडं तूर असती तर मर लागायला धजला नसता.

आणि एक कॉपी? मागितली की म्हणायचात, "इथं येऊन बघ की. क्वालिटी जाते." ते रेकॉर्डिंग कार्डाच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही, आणि कार्ड सापडल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. तुमचा आवाज जगात तेवढाच उरलाय, दाजी. फोनवर तर तुम्ही "हां" आणि "ठेव" याच्या पुढं कधी गेलाच नाहीत. असा एवढाच ऐवज कुलपात ठेवून जायचं होतं का?

तुम्ही गेल्यावर ताई रोज संध्याकाळी ते लावून बसायची. दसऱ्यानंतर पडद्यावर एकच ओळ यायला लागली: कार्ड सापडत नाही. मला तिनं महिनोन्‌महिने सांगितलं नाही. गेल्या पंधरवड्यात मला नांदेडला फोन आला, "दत्ता, वर्षश्राद्धाच्या आधी एकदा त्यांचा आवाज ऐकवशील का रे? मग न्हाई मागणार." म्हणून आलो.

आधी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं ड्रायव्हर टाकला, काढला, दुसरा टाकला. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची आणि कॉम्प्युटरची ओळख करून देणारा प्रोग्राम. तर हा गृहस्थ, जे कार्ड दिसतच नाही त्याची ओळख करून देण्यात तासभर दंग. शेवटी म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून टाकू. एकदम नवं होतंय."

"आणि आतलं?"

"आतलं जातंय की. काय हाय त्यात?"

ताई कॉम्प्युटरच्या डब्यापुढं येऊन उभी राहिली. "नवरा हाय," म्हणाली. दुकानदार चहा न घेता गेला.

मग तुमचा पुतण्या, तुमच्या थोरल्या वहिनींचा, म्हणजे अक्कांचा मुलगा. त्याचा पगार अक्का न विचारता सांगतात. तो बंगळूरहून व्हिडिओ कॉलवर आला. "मामा, हे कोण वापरतं आता? कंपनीनं कधीच सोडून दिलंय. काकांची क्लिप ऑनलाइन असेल, शोधा ना." मी सगळं दाखवत होतो आणि तो दुसऱ्याच पडद्याकडं बघत "ओके, ओके" करत होता. काकांनी त्याची फी भरली तेव्हाही तो ओकेच म्हणाला असेल.

एवढे जाणते, पण डबा एकानंही उघडला नाही. सगळे बाहेरून ज्ञान देऊन राहिले होते. मी पेचकस घेतला तशी ताईचा चेहरा उतरला.

"उघडू नको रे."

"का?"

"नको म्हणते ना."

उघडला. कार्ड बाहेर काढलं. त्याचे खाचेत बसणारे सोनेरी दात कुंकवानं माखलेले, वाळून खरखरीत झालेले. खाली खाचेत अक्षतेचा एक दाणा अडकलेला, त्यामुळं कार्ड नीट टेकलेलंही नव्हतं.

खंडेनवमीला तुम्ही कार्ड काढून पाटावर मांडायचात, विळ्याच्या आणि फवारणीच्या पंपाच्या शेजारी. लोखंडी कडेला गंधाचा टिपका, वर एक झेंडू. मी हसायचो, आणि तुम्ही माझ्याकडं मर लागलेल्या तुरीकडं बघावं तसं बघायचात. गेल्या खंडेनवमीला अक्का मुद्दाम आल्या. ताईला म्हणाल्या, "तू लांब बस, सुमन. करंड्याला आता तुझा हात न्हाई लागायचा." विळा त्यांनी पुजला, पंप पुजला, स्कूटरला हार घातला. कॉम्प्युटरला म्हणाल्या, त्या डब्याला कशाला?

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर ताईनं दार लावून घेतलं. कार्ड काढलं, पाटावर ठेवलं, पूजा केली, परत बसवलं. कुंकू आत गेलं की कुणाला दिसणार नाही, एवढाच तिचा हिशोब. फक्त टिपका कुठं लावायचा ते तिला ठाऊक नव्हतं. सोनेरी दिसलं तिथं ओल्या बोटानं लावला.

हे तिनं मला आज सांगितलं, फरशीवर बसून. "माझ्याच हातानं गेलं रे. अक्का म्हणत होत्या तेच खरं."

कळलं का, दाजी? एक शिकलेली बाई दसऱ्यापासून समजून चालली होती की तिच्या हाताला यंत्रसुद्धा विटतं. हे तिच्या डोक्यात भरवणारं माणूस परवा वरण-भात जेवायला येणार आहे, आणि आग्रह करकरून वाढायचं आपणच.

म्हटलं, "ताई, ओलं कुंकू आणि धातू. मी लावलं असतं तरी हेच झालं असतं. अक्कांनी लावलं असतं तर जास्त, त्यांचा हात सढळ आहे." ती हसली नाही. मी खोडरबरानं दात घासले, दाणा चिमट्यानं उचलला आणि कार्ड तिच्यापुढं धरलं.

"तू बसव."

"मी न्हाई."

"मग तसंच राहू दे. मी बसवणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही बसवू देणार नाही."

मग तिनं पदराला हात पुसले, कार्ड खाचेत धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. कोपऱ्यात चौकट आली: नवीन उपकरण सापडलं. ताईनं ते वाचलं, आणि मग मला मोठ्यानं वाचायला लावलं.

मग तुम्ही. डोक्यावर ती भयंकर टोपी, वाऱ्यानं अर्धं बोलणं उडालेलं, मुळाची सड, पीक फेरपालट. ताईनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "एवढं सलग माझ्याशी कधी बोलले न्हाईत." थोड्या वेळानं म्हणाली, "परत लाव."

तर ऐका, दाजी. येत्या खंडेनवमीला पाट ताई मांडेल आणि कुंकूही तीच लावेल, लोखंडी कडेला, भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. अक्कांना आवतण द्यायला मी स्वतः जाईन. हा शब्द.

तुरीतलं अजूनही काही न कळणारा
तुमचा मेहुणा,
दत्ता