बोटातला थेंब

कुरुंदवाड, १ ऑगस्ट १९८६

चि. बंडूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

‘रक्त तपासलं, सगळं ठीक’ असं लिहिलंस. नंदिनीनं मात्र वेगळं पत्र धाडून खरं कळवलं. बायकोच आहे तुझी, लपवणार कशी? दवाखाना चुकवून तू गल्लीतल्या तपासणीवाल्याकडं बोट टोचून आलास. अरे, त्या थेंबातून तो हिमोग्लोबिन बघतो! बदललेलं मूत्रपिंड चालतंय की बिघडतंय, हे कळायला कोपराच्या घडीतून नळीभर रक्त लागतं. मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

मूत्रपिंड माझं आहे, बाबा. दिलं ते दिलं, पण उकिरड्यावर टाकायला नाही दिलं. यांना ते जुळलं असतं तर आज मी या घरात एकटी नसते. ताबडतोब दवाखान्यात जा.

रागात आहे, म्हणून लोभ कमी झालेला नाही.

तुझी अक्का

कोल्हापूर, ५ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

तू एकदा दिलंस. मी दर पंधरवड्याला देतोय. शिरा दोरीगत ताठ झाल्यात. दवाखान्यातला केरबा सुई आत ठेवूनच शीर हुडकतो, उंदराचं बीळ उकरावं तसा. वर मलाच म्हणतो, पावणं, हात ढिला सोडा की. डायलिसिससाठी शीर जोडलेल्या डाव्या हाताला टोचायचं नाही, हे सांगूनही परवा तोच हात धरला. मी ओढून घेतला, तर सगळ्यांदेखत भित्रा म्हणाला. बोटाचं टोचणं मुंगी चावल्यासारखं. थेंब दिसला, की तपासणी झाली असं मनाला समजावता येतं.

त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. रागाव, पण तोडू नकोस.

बंडू

कुरुंदवाड, ८ ऑगस्ट

चि. बंडूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग गेला नाही, फक्त त्याचं तोंड केरबाकडं वळलं. सोमवारी पहिल्या एसटीनं येते. निघण्याआधी उजवा हात गरम पाण्यात धरून बस, शीर वर येते. केरबाची सुई दोनदा चुकली, तर आपण दुसरा माणूस मागायचा. डाव्या हाताला त्यानं बोट लावून बघावंच. भित्रा म्हणाला, तर कुशीतला वण दाखवून विचारीन, हे घर भित्र्यांचं दिसतं का.

पण रक्त नळीभर द्यायचं. थेंबाचं मला सांगू नकोस.

यांच्या हातांवर शेवटी टोचायला जागा उरली नव्हती. तुझ्या हातावर आहे, म्हणून भांडायला येतेय.

अक्का