दोन लाल मणी

५ जानेवारी, रविवार
रत्नपरीक्षेच्या क्लासचा तिसरा रविवार. सुभानपुऱ्यातच, घरापासून चालत. चौतीस वर्षं कविता शिकवल्या, आता दगड शिकतो आहे. शैला म्हणते, घरात बसून माझ्या डाळीतले खडे तरी निवडा.

आज लाल दगड. मॅडमनी पांढऱ्या कागदावर माणिक, लालडी, तामडा मांडले. ओळखा म्हणाल्या. मी तिन्ही चुकलो. मॅडम बडोद्याच्याच, मराठी छान बोलतात, मधूनच गुजराती. "सर, आंखनो भरोसो नहीं. माणिक म्हणून लोकांनी लालडी पिढ्यान्‌पिढ्या घातली."

मग एक बोटाएवढी नळी दिली. एक टोक डोळ्याला, दुसऱ्या टोकाशी दगड, मागे उजेड. आत दोन चौकोन. माणिक असेल तर दोन चौकोनांत दोन वेगळे लाल, एक जांभळट, एक नारिंगी. लालडी असेल तर दोन्हीकडे एकच.

येताना विनूची आठवण झाली. विनूची नव्हे, त्याच्या कानाची.

६ जानेवारी
भिकबाळी काढली. कपाट, डबी, कापूस. दोन मोती, मधे लाल मणी.

विनूची आणि माझी मुंज एकाच मांडवात झाली. मी आठ, तो पाच. नानांनी दोघा लेकांना भिकबाळ्या करून घातल्या. एकीत आजोबांच्या कानातला मणी, दुसरीत नवा. कोणता कुठे, ते सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, दोन्ही सारखेच.

घरात सगळे 'आजोबांचं माणिक' म्हणायचे. मी थोरला. ते माझ्याकडे असणार, यात मला कधी शंका नव्हती.

वि. त्याची रोज घालतो. रिफायनरीत नोकरीला होता तेव्हाही घालायचा. हेल्मेटखाली.

८ जानेवारी
नळी विकत मागवली होती, आली. खिडकीशी बसलो. माझा मणी लावला.
दोन चौकोन. एकच लाल.
परत पाहिलं. एकच.

९ जानेवारी
म्हणजे माणिक त्याच्याकडे.

म्हणजे माझी लालडी. बाजारातली. नवी.

नानाही त्याच्याकडेच. दांडिया बाजारचं घर विकलं तेव्हा मी म्हटलं, नाना, सुभानपुऱ्याला या, लिफ्ट आहे, वाचनालय जवळ. ते हरणीला गेले. विनूकडे पुस्तक औषधालाही नाही.

शैलाला सांगितलं. "घालता का कधी कानात? मग कुणाचा का मणी असेना."
तसं नाही, हे तिला पटवता आलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
क्लासला मणी नेला. कुणाचा ते सांगितलं नाही. मॅडमना म्हटलं, लालडी आहे, बघा. त्यांनी नळी लावली, मणी बोटांत वळवला. हसल्या.
"फेरवीने जुओ, सर. फिरवून बघा. एका दिशेनं माणिकही एकच रंग दाखवतं. नवीन माणूस इथेच फसतो."

फिरवला. एक चौकोन जांभळट झाला, दुसरा नारिंगी. माणिक.

घरी येताना दोन प्लेट सेव-उसळ बांधून आणली. शैलाने विचारलं, काय विशेष. काही नाही म्हटलं.

१४ जानेवारी, उत्तरायण
हरणी. वि.च्या गच्चीवर सगळी सोसायटी. तिळाच्या चिक्क्या, उंधियू, स्पीकर. नाना खुर्चीत, कानटोपी, गॉगल. वि. त्यांच्या हातात मांजा देतो, पतंग वर गेला की. नाना फक्त धरतात. तरी चेहरा फुललेला.
मला वि. म्हणाला, "दादा, फिरकी धर." धरली.

कमुरतं, म्हणजे बिनमुहूर्ताचा महिना, संपली की त्याच्या निखिलचं लग्न, २ फेब्रुवारीला. निखिलला भिकबाळी घालायची हौस. वि.ने तिथेच कानातली काढून माझ्या हातावर ठेवली.
"तू ते दगडांचं शिकतोस ना? बघून घे. मग दांडिया बाजारात सोनाराकडे धुऊन, नव्या तारेत ओवून आण. तुझीही आण. लग्नात तू तुझी घाल, निखिल ही घालेल."
"बघून काय घ्यायचं?"
"फुटला-बिटला असेल तर. मला काय कळतंय त्यातलं."

मणी त्याच्या कानामुळे गरम होता.

१५ जानेवारी
सकाळी नळी. सगळीकडून फिरवला. उभा, आडवा, तिरपा. दोन्ही चौकोनांत एकच लाल. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.
त्याची लालडी. माझं माणिक. आजोबांचं माणिक.
हे लिहिताना अक्षर बरं येत आहे.

१९ जानेवारी, रविवार
क्लास बुडवला. हरणीला गेलो. वि. निमंत्रणं द्यायला बाहेर. नाना एकटे, बरं झालं.
म्हटलं, नाना, मी दोन्ही मणी तपासले. विनूची लालडी निघाली.
"मग? लालडीच आहे."
"म्हणजे आजोबांचं माणिक माझ्याकडे."
नानांनी कानटोपी वर केली. "आजोबांची लालडीच होती रे. त्यांना माहीत, मला माहीत. आजी माणिक म्हणायची, म्हणून सगळे म्हणायचे. तुझं मी विकत आणलं. त्याच्या जोडीला शोभेल असा मणी मिळेना, दोन महिने शोधत होतो."
मी विचारलं, मग थोरल्याला आजोबांचा का नाही.
"तू कुणाला तरी दाखवून आणला असतास. माणिक नाही म्हणाले असते, की बसला असतास तोंड पाडून. मातृभोजनाला आई विनूला किती घास देते ते तू मोजत होतास, आठवतंय? म्हणून तुला खरं माणिक आणलं. तुला कमी मिळालं असं कुणी म्हणायला नको. त्याला काय, दिलं ते त्यानं कानात घातलं."
कानटोपी खाली ओढत, "आणि बघ, आणलंसच की दाखवून."
मग चहा मागितला. मी केला. साखर जास्त झाली असं म्हणाले.

२० जानेवारी
विनूला यातलं काही सांगितलेलं नाही, हे नानांनीच सांगितलं. "त्यानं विचारलं नाही कधी."

मुंजीचा फोटो काढला. मातृभोजन. आईचा घास विनूच्या तोंडाशी. मी तोंड उघडून त्या घासाकडे बघतो आहे. की माझी पाळी आली होती. फोटोत कळत नाही.

२२ जानेवारी
दोन्ही मणी माझ्याकडे. भिकबाळ्या उसवल्या आहेत. मोती एका वाटीत, मणी दोन पुड्यांत. 'वि.' लिहिलेली एक, बिननावाची एक.

अदलाबदल केली तर. निखिलच्या कानात माणिक जाईल. लालडीपेक्षा महाग. याला कुणी चोरी म्हणणार नाही. विनूचं नुकसान नाही, फायदाच. मला फक्त जुना मणी. आजोबांच्या कानातला.
नानांच्या डोळ्यांना फरक दिसणार नाही. माझ्याही नाही, नळीशिवाय.

शैलाला हे बोललो नाही. ती विचारेल, मग तुम्ही तो घालणार का. घालणार नाही. डबीत ठेवीन.

२५ जानेवारी
विनूची पुडी उघडली. पुन्हा बंद केली.
पन्नासएक वर्षांचा त्याचा घाम त्या मण्याला असेल. आजोबांचा त्याखाली. माझ्या माणकाला कापूस.

२८ जानेवारी
दांडिया बाजार. सोनाराला दोन्ही पुड्या दिल्या, एक थोरल्याची, एक धाकट्याची म्हणून. मी रस्त्याकडे बघत होतो, समोर आमचं घर होतं तिथे मोबाइलचं दुकान. वळलो तोवर त्याने रिठ्याच्या पाण्याच्या एकाच वाडग्यात सगळं टाकलं होतं. मोती, मणी. ब्रशने धुतलं, पुसलं, दोन्ही मणी तळहातावर घेतले. पुड्यांचे कागद ओले, बाजूला.
"साहेब, मोटाभाईनुं कयुं?" थोरल्याचा कोणता.
बघितलं. उजेडात धरलं. दोन लाल मणी.
"बेय सरखां ज छे ने," तो म्हणाला. दोन्ही सारखेच.
नळी खिशात नव्हती. सकाळी टेबलावर ठेवून निघालो होतो. विसरून, असं लिहायला हरकत नाही.
म्हटलं, आज ओवू नका. उद्या सांगतो.

रात्री जेवताना विनूचा फोन.
"झालं का दादा?"
सोनाराने मणी एकत्र केले म्हणून सांगितलं. तुझा कोणता ते उद्या बघून सांगतो.
"अरे त्यात काय बघायचं. कोणताही ओवायला सांग. सारखेच तर आहेत." मागून नानांचा आवाज. वि. त्यांना म्हणाला, काही नाही नाना, दादा उगाच जिवाला लावून घेतोय. मग मला, "तू काय घालणार लग्नात, फेटा की टोपी? नाना म्हणतात दोघांनी फेटे बांधा."

मागितला नसताना त्याने आजोबांचा मणी देऊन टाकला. कोणताही. हा शब्द मला आयुष्यात एकदाही म्हणता आलेला नाही. त्याला तो जेवता जेवता म्हणता येतो.

२९ जानेवारी
सोनार दहाला दुकान उघडतो. साडेनऊ झाले.
नळी शर्टाच्या खिशात घातली. चपला घातल्या. परत येऊन नळी टेबलावर ठेवली. शैला दारात, "जाताय की नाही? मला बाहेरून कुलूप लावायचंय."
जातो म्हटलं. नळी अजून टेबलावर आहे, वहीशेजारी.