पावणेदोन इंच

१६ नोव्हेंबर, रविवार
उंची पाच फूट आठ इंच म्हणे! वाटूरच्या रामप्रसादचा बायोडाटा मोबाइलवर आला. फोटोत तो त्यांच्या घराच्या दारात उभा आहे. मला काही पटलं नाही. अंजूताईच्या वेळी नवऱ्याच्या बायोडाटात ‘कायम नोकरी’ होती. लग्नानंतर कळलं, नोकरीच नव्हती. ताई आता माहेरी येऊन बसली आहे. जो उंचीत खोटं बोलतो, तो पुढे कशातही बोलेल.

फोटोवर पट्टी धरली. दार बारा सेंटिमीटर, तो दहा. म्हणजे दाराचे सहा भाग केले तर तो पाच भाग. आता दार केवढं ते कळायला हवं.

१८ नोव्हेंबर
शालूमावशी परवा त्यांचं घर बघायला जाणार आहे. तिला सांगितलं, दार वितीनं मोजून ये. “प्रियदर्शनी, येडी झालीस का? लोकं काय म्हणतील?” — पण मोजेल. तिलाही असल्या उचापती आवडतात. तिची वीत पट्टीवर मोजून ठेवली. आठ इंच.

२० नोव्हेंबर
पावणेदहा विती! चौकटीचं लाकूड बघतेय असं दाखवून मोजलं म्हणे. पावणेदहा गुणिले आठ, अठ्ठ्याहत्तर इंच. त्याच्या सहा भागांतले पाच — पासष्ट. पाच फूट पाच इंच! तीन इंच हवेतले. घरात बोलले नाही. तोंडावरच पकडणार.

२३ नोव्हेंबर, रविवार
वाटूरची मंडळी आली, पोहे खाल्ले. मग मोठ्यांनी आम्हा दोघांना अंगणात बोलायला सोडलं. मी सरळ विचारलं, उंची किती?

“पाच-पाच. आठ काकानं लिहिलं. मला कळलं तव्हा पाठवून झाल्तं.”

काका! असा एक काका सगळ्यांकडे असतो.

“तुमची?”

“पाच-तीन,” मी म्हटलं.

तो हसला. कशाला हसला? निघताना हळूच म्हणाला, “बायोडाटातल्या फोटोत तुमच्या मागं बिनगिलाव्याची भिंत हाये. विटांचे थर मोजून बघा.” बांधकामावर सुपरवायझर आहे ना, म्हणून हा शहाणपणा. असा राग आला! बाबांना उद्या नकार सांगणार.

२४ नोव्हेंबर, सकाळ
त्याच भिंतीला टेकून उभी राहिले. आईनं डोक्यावर पट्टी आडवी धरली. साडेसतरा थर. सिमेंटसकट एक थर साडेतीन इंच. सव्वाएकसष्ट — पाच फूट सव्वा इंच. टेपनंही तेवढंच आलं.

आई शांतपणे म्हणाली, “तुझ्या बाबानंच वाढवली. सगळेच वाढवून राह्यले, मंग आपणच कमी कशाला?”

पावणेदोन इंच. बायोडाटात आहे तेच खरं धरून चालले होते मी! त्याच्या तोंडावर ठणकावून सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळ
मावशीचा फोन. वाटूरचा होकार कालच आलाय, परत जाताना गाडीतूनच कळवला.

म्हणजे माझं पाच-तीन ऐकून झाल्यावर.

बाबांना म्हटलं, हो सांगा.