प्रसादाचं पथ्य

पिंपळगाव रेणुकाई, शुक्रवार, संध्याकाळ

आजही विटकरी. माझ्या वडलांची, दादांची, लघवी निळ्या औषधात उकळली की साखर असेल तर रंग विटकरी होतो. अर्धवट सोडलेल्या कॉलेजातून मी एवढंच शिकून आलो. पायाची जखम भरत न्हाई, जालन्याचे डॉक्टर पाय कापायचं बोलून राह्यलेत, आणि दादा शपथेवर सांगतात की गोड बिलकुल बंद आहे. मंग हा रंग कुठून? आईवर संशय घेतला, गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. तरी विटकरीच.

आज लंगडत देवळात निघालेल्या दादांच्या मागं गेलो. पुजाऱ्यांच्या कुसुमनं, माझ्याच कुसुमनं, त्यांच्या हातावर मूठभर खडीसाखर ठेवली. मला बघूनही ते चघळतच राहिले. म्हणाले, "प्रसादाला कसलं आलंय पथ्य?"

कुसुमला विहिरीपाशी गाठलं. "हे कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. म्हणाल्तात, लग्नाचं काढण्याआधी दादांना खूश कर."

"उद्यापासून नुसतं तीर्थ द्यायचं."

"आन् रागावले मंग?"

"रागावू दे. पाय राहिला तर रागावून का होईना, मांडवात चालत येतील."

तिनं मान हलवली. पण जरा जल्दीच हलवली. उद्या परत मागं जावं लागणार, दादांच्या न्हाई, तिच्या.